रंजीताच्या तीन वाट्या

आमच्या गावात सकाळी गाय शेपटी उचलून उभी राहिली की घरातलं माणूस धावत जाऊन भांडं धरतं. गोमूत्र प्रत्येक घरी लागतं. देवघर पुसायला लागतं, सुतक फिटल्यावर घरभर शिंपडायला लागतं, बाळंतिणीच्या खोलीतही लागतं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण तसंच भांडं धरून माझी धाकटी जाऊ रंजीता गोठ्यात उभी राहिली, तेव्हा मात्र सगळं गाव हसलं. कारण ती ते शिंपडत नव्हती. उजेडात धरून बघत होती, वास घेत होती.

आता हसणारं कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसले. मोठ्या जावेनं धाकटीचं कौतुक करावं अशी रीत फारशी कुठे दिसत नाही. पण खरं ते लिहायला काय हरकत आहे?

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सावली तालुक्यात. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. रंजीताचं माहेर नदीपलीकडे आरमोरीच्या बाजूला. तिचे वडील देवाजी गुरांचे शौकीन. लग्नात त्यांनी लेकीसोबत एक कालवड दिली. आमच्याकडच्या बुटक्या, काटक कठाणी जातीची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिचं नाव चांदणी. नवी नवरी सासरी येऊन रडते. ही दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गोठ्यात गेली आणि चांदणीच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली. मी तिला चहाला हाक मारायला गेले, तर म्हणाली, "ताई, हिले इथलं पानी मानवंल ना?" स्वतःचं काही नाही, गायीचं विचारलं.

तिचा नवरा प्रवीण गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कामाला, महिन्यातून एकदा घरी येणारा. घरात सासरे गुणवंतराव, आमचे हे, मी आणि रंजीता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे घराचे कडक नियम सासऱ्यांनीच सांभाळलेले. आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणतो. बोलणं तिखट, पण जेवताना आधी गोठ्यात घास नेऊन देणार आणि मगच पाटावर बसणार, असा माणूस.

रंजीता बारावी शिकलेली. बचत गटाच्या बैठकीत एकदा विचारणा झाली की गावातल्या गुराढोरांचं, बकऱ्याकोंबड्यांचं काम शिकायला कोण तयार आहे; पशुसखी व्हायचं आहे. सगळ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. रंजीतानं हात वर केला. घरी आल्यावर मामाजी म्हणाले, "लोकायच्या सुना अंगनवाडीत जातात, शिलाई शिकतात. आमची ढोराच्या शेपटीमांग चालली."

"शेपटीमांगच तं सगळं असते मामाजी," ती म्हणाली, "समोरून गाय फक्त रवंथ करते."

मला हसू आवरेना म्हणून मी चुलीकडे तोंड फिरवलं.

तालुक्याला शिकून ती परत आली तेव्हा खांद्यावर हिरवी बॅग होती. त्यात थर्मामीटर, जंताचं औषध, जखमेवरची पावडर. आधी बकऱ्या तपासल्या, मग कोंबड्यांना लस, मग हळूहळू गायी. लोक बोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. पारावरच्या पोरांनी तर तिला नावच पाडलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. तिच्या कानावर ते जायचं. ती म्हणायची, "ताई, गाय बोलत नाई. तिच्या पोटात काय चाललं ते सगळं मुतात उतरते. वाचता आलं पाहिजे."

एकदा तिनं मला ते वाचून दाखवलं. गावचा सांड घरामागच्या पांदणीत, गाडीवाटेत, उभा होता. समोरून शेजारच्या अंजनाबाईची गाय गेली आणि जाता जाता मुतली. सांडानं ते हुंगलं, मान वर केली, वरचा ओठ मुरडला आणि तसाच दात दाखवत उभा राहिला. आमच्याकडे म्हणतात, सांड हासला. रंजीता म्हणाली, "हासत नाई ताई. टाळूच्या वर एक लहानशी जागा असते, तिथी तो वास खेचून नेते. गाय माजावर आहे का नाई, ते त्याले तिथी समजते." मी इतकी वर्षं सांडाला हसताना पाहिलं होतं. तो कशाला हसतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आता चांदणीची गोष्ट.

चांदणी दोनदा व्याली होती, पण मग काय झालं कोणास ठाऊक, पुढे टिकेना. रंजीतानं दवाखान्यातून माणूस बोलावून तिला भरवली, म्हणजे कृत्रिम रेतन करवलं, पण ती उलटली, गाभ राहिला नाही. पुन्हा भरवली, पुन्हा उलटली. दोन्ही वेळा रंजीता आधी आनंदात सांगून बसली होती की या वेळी राहिलं, आणि दोन्ही वेळा चांदणी हंबरत माजावर आली. तिसऱ्यांदा ज्येष्ठात भरवली. त्यानंतर ती माजावर आलीच नाही. रंजीता म्हणाली, "भरली." मामाजी म्हणाले, "आटली." सांड यायचा, चांदणीचं मूत हुंगायचा आणि ओठ न मुरडता पुढे निघून जायचा. मामाजी म्हणायचे, "पाहा, सांड बी तोंड फिरवते हिच्यापासून. भाकड झाली." रंजीता म्हणायची, "मामाजी, सांड तेच सांगून राह्यला, हिच्या पोटात आहे म्हनून."

पण दोनदा खोटा ठरलेला शब्द तिसऱ्यांदा कोण धरतो? मामाजींनी बाजारातल्या लच्छू व्यापाऱ्याला निरोप धाडला. तो नवरात्रातल्या अष्टमीला गाडी घेऊन येणार होता. गायींची तपासणी करणाऱ्या डॉक्टर ज्योत्स्ना मॅडम लसीकरणासाठी नदीकाठच्या गावांत फिरत होत्या. त्या आमच्या गावी येणार नवमीला. एका दिवसाचा फरक. रंजीतानं मामाजींना दोनदा विनवलं. ते म्हणाले, "तिच्यासाठी डॉक्टरीन एक दिवस आधी येत नाई, मंग व्यापारी काऊन थांबंल?"

त्या दिवसांत रंजीता चांदणीला चारा घालताना तिच्याशी बोलायची बंद झाली. गुपचूप घालायची आणि निघून यायची. मला तेच जास्त लागलं.

आमच्या घरी घट मामाजी बसवतात आणि रोजची पूजा मी करते. नऊ दिवस मी पायात चप्पल घालत नाही, दिवा विझू देत नाही. देवीआईसमोर बसले की मला दुसरं काही सुचत नाही. त्या वर्षी घटाची काळी माती शेतावरून रंजीतानं आणली. त्याच सकाळी ती मुखरूच्या घरी अडलेली बकरी सोडवून आली होती. दोन पिल्लं ओढून काढली, घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि मग शेतावर गेली. पण मामाजींना पारावर कोणीतरी बकरीचं सांगितलं होतं. त्या हातांनी माती विटाळली, असं त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी घटस्थापनेच्या पहाटे उठून त्यांनी आमच्याच चांदणीचं गोमूत्र पितळी लोट्यात धरलं, घटाचा गहू त्यात भिजवला आणि मातीही त्यातच कालवली. रोज सकाळी त्याच लोट्यातून घटावर शिंपडायचे. मला वाटायचं, पाणी आहे.

तिसरी माळ झाली, चौथी झाली. घटाची माती काळी ती काळीच. एरवी चौथ्या दिवशी पिवळे कोंब डोकं काढतात. संध्याकाळी आरतीला बायका आल्या. शेजारची अंजनाबाई मनात आलेलं मनात न ठेवणारी. ती वाकून म्हणाली, "काऊन व सरिता, अजून एक बी कोंब नाई? आमचा तं हिरवा होऊन राह्यला."

मी तबक उचलून आरती सुरू केली. आई, आमच्या हातून काय चुकलं, एवढंच मनात येत होतं.

मामाजी देवघराच्या उंबऱ्यात बसून होते. बायका गेल्यावर म्हणाले, "भाकड ढोर दारात बांधून घट कसा उगवंल? अष्टमीले गाय जाते. माहा शब्द आहे."

रंजीता तिथेच उभी होती. ती सवयीनं पूजेची भांडी उचलून विहिरीवर घासायला घेऊन गेली आणि थोड्या वेळानं तो पितळी लोटा हातात घेऊन परत आली. ओला, अर्धवट घासलेला. तिनं तो माझ्या नाकाशी धरला.

"ताई, यात काय होतं?"

मी मामाजींकडे पाहिलं.

"गोमूत्र होतं," मामाजी म्हणाले. "त्यात विचाराचं काय? मातीले शुद्ध करा लागत होतं."

"कोन्या गायीचं?"

"आपल्या घरी किती गायी आहेत?"

रंजीता खालीच बसली. मला वाटलं, आता ही रडणार. ती हसत होती. "मामाजी," ती म्हणाली, "तुमीनं तपासनी करून बी टाकली, आन मले सांगतलं बी नाई!"

मग तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. गाभण गायीच्या लघवीत एक द्रव्य जास्त उतरतं. झाडापाल्यातही तेच असतं, बी वेळेआधी उगवू नये म्हणून ते तिला झोपवून ठेवतं. त्याचं नाव तिनं सांगितलं होतं, इंग्रजी आहे, माझ्या जिभेला वळत नाही. गाभण गायीच्या लघवीत पाणी घालून त्यात गहू किंवा मूग ठेवले तर पुष्कळसे दाणे उगवत नाहीत. गाय रिकामी असेल तर बरेच उगवतात. प्रशिक्षणात हे करून दाखवलं होतं.

मामाजी काही साधे नव्हेत. आयुष्य धानात गेलेलं. ते लगेच म्हणाले, "थांब. युरिया जास्त पडला तं धान बी जळते. मी कच्चं मूत ओतलं. गहू जळला असंल. त्यात गाभन कुठून आली?"

"बरोबर बोलले," रंजीता म्हणाली. "कच्च्या मुतानं काई सिद्ध होत नाई. म्हनून नीट करू. तीन वाट्या मांडू. एकीत निस्तं पानी. एकीत चांदनीचं मूत, पुष्कळ पानी घालून. आन एकीत रिकाम्या गायीचं, तेवढंच पानी घालून. गहू तिन्हीत सारखाच, घटाच्याच पोत्यातला. आन सगळं तुमी तुमच्या हातानं करा. मी वाटीले हात लावत नाई. मंग मले नाव ठेवाले जागा राह्यनार नाई."

"आन तिन्ही उगवल्या तं?"

रंजीतानं गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तं अष्टमीले दोर मी स्वतः सोडून देईन."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामाजी भांडं घेऊन चांदणीमागे उभे राहिले. सुनेला वर्षभर ज्यावरून बोल लावले, तेच काम. चांदणीही अशी की त्यांना बराच वेळ ताटकळत ठेवलं. मग रिकाम्या गायीसाठी ते अंजनाबाईच्या दारी गेले, कारण तिची गाय नुकतीच माजावर येऊन गेली होती आणि भरवायची राहून गेली होती.

अंजनाबाईनं अंगणातूनच विचारलं, "माह्या गायीचं मूत कायले भाऊ? तुमच्या गायीनं मुतनं बी सोडलं का?"

"देवाचं काम आहे," मामाजी म्हणाले.

"देवाले माही गाय कधीपासून आवडाले लागली?"

पण तिनं दिलं, आणि काय चाललंय ते पाहायला स्वतःही मागोमाग आली.

तीन वाट्या मामाजींनी देवघराच्या बाहेरच्या कोनाड्यात मांडल्या. चांदणीच्या वाटीला कुंकवाचं बोट लावलं, अंजनाबाईच्या गायीच्या वाटीला हळदीचं, पाण्याची वाटी कोरी. गहू मोजून मापून टाकला, वरून ओलं फडकं घातलं. रंजीता दारात हात मागे बांधून उभी होती. घट मात्र आम्ही तसाच ठेवला. मी रोज त्याला माळ घातली, दिवा लावला. आरती झाली की तबक मी कोनाड्यासमोरूनही एकदा फिरवायची. हे कोणाला सांगितलं नाही. आईच्या भिंतीला लागून जे ठेवलं, ते तिच्या नजरेतच आहे, असं मला वाटलं.

अष्टमीच्या सकाळी लच्छूची गाडी दारात आली तेव्हा फडकं अजून काढलेलं नव्हतं. मामाजींनी पाहू दिलंच नव्हतं. "रोज उकरून पाह्यलं तं काई उगवत नाई," म्हणायचे.

"भाऊ, दोर सोडा," लच्छू बाहेरूनच ओरडला. "अजून दोन गावं कराची आहेत."

"बस. चहा पे," मामाजी म्हणाले आणि कोनाड्याकडे गेले.

मी देवघरातून पाहत होते. त्यांनी फडकं उचललं. कोऱ्या वाटीत कोंबांची दाटी झाली होती, पांढरी मुळं एकमेकांत गुंतलेली. हळदीच्या वाटीतले थोडे आखूड, थोडे मागे राहिलेले, पण उगवलेले. कुंकवाच्या वाटीत गहू फुगून निजला होता. दोन-तीन दाण्यांना कुठे पांढरं टोक, बाकी गप्प. मामाजींनी त्यातला एक दाणा चिमटीत धरून दाबला. मग हळदीच्या वाटीतला दाबला. मग पुन्हा कुंकवाचा. पेरणीआधी बी पाहतात तसं.

लच्छू चहाचा कप घेऊन मागे आला. "काय पाहून राह्यले भाऊ?"

"गाय पाहून राह्यलो."

"वाटीत?" लच्छू हसला. "गहू पाहून गाय ठेवता का आता? उद्या डाळ पाहून म्हैस ठेवसान! पोरींच्या नादी लागले तुमी."

मामाजी वळले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "घटात मूत मीच टाकलं, वाटीत बी मीच टाकलं. दोनदा माह्याच हातानं गायीनं सांगतलं. आता तिसऱ्यांदा तुले विचारू काय?"

"म्हनजे?"

"म्हनजे गाय विकाची नाई. चहा मातर पुरा पिऊन जाय."

रंजीता गोठ्याच्या दारात उभी होती. तिचा हात चांदणीच्या पाठीवर होता, आणि ती काहीतरी बोलत होती गायीशी. खूप दिवसांनी. ऐकू आलं नाही, आणि ऐकायची गरजही नव्हती.

पण खरी धाकधूक पुढच्या दिवसाचीच होती. नवमीला ज्योत्स्ना मॅडम आल्या. गावभर बातमी झालेली, निम्मं गाव आमच्या अंगणात. मॅडमनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, रंजीतानं शेपटी बाजूला धरली. मॅडम आतून चाचपत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी पदराआड हात जोडले होते. मामाजी खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होते.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "तीन महिन्यांच्या वरचं आहे. छान आहे."

अंजनाबाई सगळ्यांत आधी ओरडली, "माह्या गायीमुळे समजलं बरं का! माही वाटी होती!"

मॅडमनी हात धुतला आणि तीन वाट्या पाहायला मागितल्या. बराच वेळ पाहिल्या. म्हणाल्या, "रंजीता, हे नेहमी इतकं स्वच्छ येत नाही. बी जुनं असलं, हवा बदलली, तरी फसतं."

"ठाऊक आहे मॅडम. तुमी येईपर्यंत गाय थांबली पाहिजे, तेवढ्यासाठीच केलं."

"थांबली ना?" मॅडम म्हणाल्या. "मग झालं की काम." आणि कोऱ्या वाटीशेजारची हळदीची वाटी कोणाच्या गायीची, हे अंजनाबाईकडून पूर्ण ऐकून घेतलं.

फाल्गुनात चांदणीला कालवड झाली, कपाळावर तसाच ठिपका घेऊन.

पण मला सांगायचा आहे तो दसऱ्याचा दिवस. दसऱ्याला घटाचे तुरे पुरुष टोपीत खोवतात आणि मग सोनं लुटायला निघतात. त्या वर्षी आमच्या घटाला तुरे नव्हते. मामाजी धुतलेली टोपी हातात घेऊन देवघराशी उभे होते. रिकाम्या टोपीनं वेशीवर जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मी कोनाड्यातली कोरी वाटी आणली. बोटाच्या पेराएवढे कोवळे कोंब त्यात उभे होते.

"हे घटाचे नाईत," मामाजी म्हणाले.

"पोतं तेच आहे मामाजी," मी म्हणाले, "आणि भिंतही आईचीच. रोज आरती दाखवली आहे मी त्यांना."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग वाटी देवीसमोर ठेवून नमस्कार केला, एक जुडी उपटली आणि टोपीत खोवली. दुसरी जुडी उपटली. मला वाटलं, आमच्या ह्यांच्यासाठी असेल. त्यांनी हाक मारली, "रंजीता!"

ती हिरवी बॅग खांद्यावर टाकून निघतच होती. मुखरूच्या बकरीचं एक पिल्लू दूध पीत नव्हतं, सणाचा दिवस असूनही बोलावणं आलं होतं.

"जी मामाजी?"

"हे घे. तुले टोपी नाई. बॅगेले लाव."

तिनं तुरा घेतला, बॅगेच्या पट्ट्यात खोवला आणि मामाजींच्या पाया पडली. मग नेहमीसारखं मागच्या पांदणीनं न जाता, पारावरून, भर गावातून चालत मुखरूच्या घरी गेली. पारावर सगळे नव्या कपड्यांत बसले होते. त्यांच्या टोप्यांत घटाचे तुरे, हिच्या बॅगेवर तसाच तुरा. कोणी हसलं नाही. एक पोरगा तर उठून उभा राहिला.